शेतसाऱ्याची पावती आणि मताचा हक्क

हिंदुस्थानातील लोकशाही ब्रिटिशांनी पायरीपायरीने घडवून आणली; १९०९, १९१९ आणि १९३५ च्या सुधारणांनी येथील लोकांना मत देण्याचे शिक्षण दिले आणि त्या शिक्षणाचा परिपाक म्हणजे स्वतंत्र भारतातील प्रौढ मतदान, असे एक प्रतिपादन आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढीत असते. महाविद्यालयीन क्रमिक पुस्तकांत ते सौम्य रूपाने आढळते. सुशिक्षितांच्या बैठकीत मात्र त्याला एक पुरवणी जोडली जाते : शिक्षण पुरे होण्याच्या आतच सर्वांना सरसकट मत देऊन टाकले, ही आपली घाई झाली. ही पुरवणी मूळ प्रतिपादनाच्या पोटातूनच जन्माला आलेली आहे. म्हणून पुरवणीचा समाचार घ्यावयाचा तर आधी मूळ प्रतिपादन तपासले पाहिजे.

प्रस्तुत लेखक जुन्या जालन्याचा रहिवासी आहे आणि हे तपासण्यासाठी जुन्या जालन्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असे त्याचे मत आहे. कारण दोन महायुद्धांमधल्या काळात ज्याला 'हिंदुस्थानची निवडणूक' म्हटले जाते ती येथून आठ-दहा कोसांवर येऊन थांबत असे. कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या माणसाला तिची बातमी कळे, मत नसे. पूर्वेकडे देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा ही गावे वऱ्हाडात, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात. तेथे मतदार होते, याद्या होत्या, उमेदवार होते. जालना, अंबड, भोकरदन हा सारा मुलूख निजामाचा. तेथे यांतले काहीच नव्हते. जमीन तीच काळी, पीक तेच कपाशीचे आणि ज्वारीचे, भाषा तीच, सोयरिकी सीमेच्या आरपार. तरीही एक भाऊ मतदार आणि दुसरा केवळ रयत, अशी घरे असणे अगदी शक्य होते.

आता ती निवडणूक कशी होती ते पाहू. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळासाठी या काळात पाच वेळा निवडणुका झाल्या : १९२०, १९२३, १९२६, १९३० आणि १९३४. यांतील शेवटची सर्वांत चुरशीची. सविनय कायदेभंगाची चळवळ ओसरली होती, काँग्रेसने बहिष्कार सोडून निवडणूक लढविण्याचे ठरविले होते आणि त्याच वर्षी, काँग्रेसच्या या कायदेमंडळाभिमुख वळणाला विरोध म्हणून, काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना झाली होती. निकालात काँग्रेसला चाळीसहून अधिक जागा मिळाल्या. मुंबई इलाख्याच्या मध्य विभागातून केशवराव जेधे आणि काकासाहेब गाडगीळ दोघेही निवडून गेले. ब्राह्मणेतर चळवळीतून आलेला पुढारी आणि पुण्याचा ब्राह्मण वकील एकाच बाजूने दिल्लीला गेले, ही महाराष्ट्राच्या राजकारणातली लहानसहान घटना नव्हे. वऱ्हाडातून लोकनायक बापूजी अणे आले. जातीय निवाड्याच्या प्रश्नावर ते पंडित मालवीयांबरोबर काँग्रेसपासून बाजूला झाले होते आणि राष्ट्रीय पक्ष म्हणून वेगळे उभे होते. या सभेची मुदत वस्तुतः तीन वर्षांची. परंतु ती वाढवीत वाढवीत १९४५ पर्यंत नेण्यात आली. म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि संपले तेव्हाही दिल्लीत बसलेली सभा १९३४ च्या मतदारांनीच निवडलेली होती.

हे मतदार किती? साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून सुमारे १४ लाख. लोकसंख्या १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणे ब्रह्मदेशासह सुमारे २७ कोटी. म्हणजे दोनशे माणसांमागे एक मतदार. त्यांतूनही प्रत्यक्ष मत दिले ते ६ लाखांच्या आसपास. आज मराठवाड्यातील एखाद्या लोकसभा मतदारसंघात याहून अधिक मते पडतात. सभेच्या सुमारे १४५ सभासदांपैकी ४० च्या आसपास सभासद सरकारने नेमलेले असत, हे आणखी वेगळे.

मताधिकाराची कसोटी मालमत्तेची होती. अमुक इतका शेतसारा भरणारा, अमुक इतक्या उत्पन्नावर प्राप्तिकर भरणारा, अमुक भाड्याच्या घरात राहणारा. अशा माणसाचे नाव यादीत यावयाचे. प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे राजस्व हा विषय शिकविला, त्यामुळे या कसोटीकडे तो थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' हे तत्त्व इंग्रजांच्या इतिहासातले. निदान त्यांच्याच वंशजांनी अमेरिकेत ते त्यांना ऐकविले होते. त्या तत्त्वाने हिशेब केला तर काय दिसते? १९१९ च्या व्यवस्थेत शेतसारा हे प्रांतिक सरकारचे उत्पन्न होते. मध्यवर्ती सरकारचा गाडा चालत होता तो मुख्यतः जकात, प्राप्तिकर आणि मीठकर यांवर. जकात आणि मीठकर हे अप्रत्यक्ष कर. काडेपेटी, कापड, रॉकेल आणि मीठ विकत घेणारा प्रत्येक माणूस, त्यात सालगडी आणि मोलकरीणही आली, दिल्लीच्या खजिन्यात भर घालीत होता. परंतु दिल्लीच्या सभेसाठी मत कोणाला? जो प्रांताला शेतसारा देतो त्याला. दिल्लीला मिठावरचा कर देणाऱ्याला नाही. अर्थात हा हिशेबातील चुकीचा प्रकार नव्हता. कर भरतो म्हणून मत, असे त्या कायद्याचे म्हणणेच नव्हते. मालमत्ता आहे म्हणून मत, असे त्याचे म्हणणे होते. कराची पावती ही केवळ मालमत्तेची खूण.

आणि ज्यांना मत होते त्यांच्या प्रतिनिधींचे तरी काय चालत होते? १९२३ साली सरकारने मीठकर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. सभेने तो फेटाळला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो प्रमाणित केला आणि कर दुप्पट झाला. हीच ती शिक्षणाची पायरी.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक बोलका भाग वऱ्हाडचा आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि १९०२ च्या कराराने ते त्यांना कायमच्या पट्ट्याने, सालीना २५ लाख रुपये खंडावर, देण्यात आले. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा. कायद्याच्या काटेकोर अर्थाने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हताच. मग तेथल्या लोकांनी दिल्लीला प्रतिनिधी पाठवायचा कसा? तोडगा असा निघाला की वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यायची आणि जो निवडून येईल त्याला सरकारने 'नियुक्त' करावयाचे. बापूजी अणे मतपेटीतून आले खरे. कायद्याच्या वहीत मात्र ते नेमलेले सभासद ठरत. १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्या या माणसाच्या नावापुढे सरकारनियुक्त हा शिक्का बसावा, यातली गंमत खुद्द बापूजींच्याही लक्षात आल्यावाचून राहिली नसेल.

म्हणजे देऊळगाव राजाच्या शेतकऱ्याला जे मत मिळाले ते का मिळाले? तो जालन्याच्या शेतकऱ्याहून अधिक शहाणा होता म्हणून नव्हे, त्याला पायरीपायरीने शिकविले होते म्हणूनही नव्हे. एका संस्थानिकाने एका कंपनीच्या फौजेचे देणे फेडण्यासाठी त्याचा मुलूख गहाण टाकला आणि पुढे तो पट्ट्याने गेला म्हणून. त्याचा मताचा हक्क हा भाडेपट्ट्याचा आनुषंगिक परिणाम होता. सीमेवर रुपयासुद्धा बदलत असे. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार; शंभर कलदारांना हाली एकशे सोळा-सतरा असा भाव. मालावर करोडगिरी भरावी लागे. पण ती भरून माल तरी पलीकडे जाई. मताला कोणत्याही वटावाचा बाजार नव्हता.

याहून मासलेवाईक गोष्ट १९२३ ची. मीर उस्मान अली खान यांनी त्या वर्षी वऱ्हाड परत मागण्याची मोहीम उघडली. व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आश्वासन दिले की वऱ्हाड परत मिळाल्यास तेथील लोकांना अंतर्गत कारभारात पूर्ण लोकनियंत्रण असलेली जबाबदार राज्यपद्धती देण्यात येईल. आपला प्रतिनिधी म्हणून तेथे केवळ घटनात्मक गव्हर्नर राहील. वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. आपल्या प्रत्यक्ष ताब्यातील सव्वा कोटीहून अधिक प्रजेला जो राजा एक साधे लोकनियुक्त मंडळ देत नव्हता, तो आपल्या ताब्याबाहेरील प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देऊ करीत होता! मताची किंमत त्याला ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? ठाऊक होती म्हणूनच ती जमिनीच्या दाव्यात आमिष म्हणून वापरली गेली. वऱ्हाडच्या लोकांनी त्या आमिषाकडे पाठ फिरविली. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी निजामाला आपल्या सार्वभौम सत्तेची सुप्रसिद्ध जाणीव करून देऊन तो दावा फेटाळला. पुढे १९३६ च्या कराराने निजामाचे नाममात्र स्वामित्व पुन्हा मान्य झाले, त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९३७ मध्ये, हीच वऱ्हाडी प्रजा मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधानसभेसाठी मतदान करीत होती.

त्या वर्षी इकडे काय चालले होते? हैदराबादेत १८९३ पासून एक कायदेमंडळ होते खरे. त्यात अधिकाऱ्यांचे बहुमत असे. जागीरदार आणि वकील यांना चार-दोन प्रतिनिधी पाठविता येत. सर्वसामान्य रयतेला त्यात शिरकाव नव्हता. ते कायदेमंडळ विस्तृत करण्याविषयी १९२० च्या सुमारास चौकशी झाली, अहवाल झाला आणि तो दप्तरात राहिला. याउलट 'गश्ती निशाण ५३' मात्र अमलात होते. या हुकमान्वये पूर्वपरवानगीवाचून सभा भरविता येत नसे. मत नसणे ही एक गोष्ट. मत मागण्यासाठी चार माणसे एकत्र जमणे हाच अपराध असणे ही त्याच्या पुढची.

त्यामुळे हैदराबाद संस्थानच्या प्रजेने आपल्या राजकीय परिषदा संस्थानाच्या बाहेर भरविल्या. १९२३ मध्ये काकिनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे आणि १९३१ मध्ये अकोला. काकिनाड्याचे अध्यक्ष बापूजी अणे. मुंबईचे 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिणारे बुलढाण्याचे यादव माधव काळे. पुण्याचे साहित्यसम्राट केळकर. या यादीतले अकोला हे नाव पुन्हा वाचावे. अकोला वऱ्हाडात, म्हणजे करारानुसार निजामाच्याच सार्वभौम मुलखात. निजामाच्या राज्यात जी परिषद भरू शकत नव्हती ती निजामाच्याच नावाच्या भूमीवर, केवळ तेथला फौजदार इंग्रजांचा होता म्हणून, बिनदिक्कत भरली. नागरी स्वातंत्र्य हे प्रजेच्या लायकीवर अवलंबून असते म्हणणाऱ्यांना या उदाहरणाचा उलगडा करता येणार नाही.

संस्थानाच्या आत पहिले मोठे पाऊल पडले ते जून १९३७ मध्ये परतूर येथे. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, १९८१ पासून ते जालना जिल्ह्यात आहे. येथून त्याच रेल्वेमार्गावर पुढे. तेथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. सीमेपलीकडे फेब्रुवारीत मतदान होऊन गेले होते. मुंबई इलाख्यात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष निवडून येऊन पुढे सप्टेंबरमध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडणार होता; आणि इकडे मराठवाड्यातील माणसे एकत्र बसण्याची परवानगी मिळाली हेच मोठे समजत होती. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये नानलांसह अनेकांनी सत्याग्रह करून तुरुंग पत्करला.

येथे कोणी म्हणेल, संस्थानांचे सोडा, ते मध्ययुगीनच होते. ब्रिटिश मुलखात तर क्रमाक्रमाने प्रगती चाललीच होती. १९३४ चे १४ लाख मतदार १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत ३ कोटींवर गेले, ही प्रगती नव्हे काय? प्रगती आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. जेधे आणि गाडगीळ दिल्लीत बोलले, खोतीचे विधेयक मुंबईत मांडले गेले, याचे मोल आहेच. प्रश्न असा की पुढची पायरी प्रौढ मतदानाची होती काय? १९३२ मध्ये लॉर्ड लोथियन यांच्या समितीपुढे हा प्रश्न आला होता. समितीत डॉ. आंबेडकर होते, त्यांनी सायमन कमिशनपुढे १९२८ मध्येच प्रौढ मताधिकाराची मागणी केलेली होती, आणि त्याच वर्षीच्या नेहरू अहवालातही ती होती. समितीने उत्तर दिले की तूर्त हे अव्यवहार्य आहे : इतके मतदान अधिकारी कोठून आणावयाचे, इतके पोलीस कोठून आणावयाचे, निरक्षरांनी मत द्यावयाचे कसे? पण हीच ब्रिटिश सत्ता त्याच्या आदल्याच वर्षी, १९३१ मध्ये, शेजारच्या सिलोनमध्ये प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मतदानाने निवडणूक घेऊन मोकळी झाली होती. सिलोन लहान आणि तेथे साक्षरता अधिक, हे खरे. तरीही मतदानपेटीवर रंग किंवा चिन्ह लावण्याची युक्ती पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे जमते आणि अलीकडे जमत नाही, असे काही नव्हते. अडचण मोजणीची नव्हती. कोणाला मोजायचे याची होती. फ्रान्ससारख्या प्रजासत्ताकातही स्त्रियांना १९४४ पर्यंत मत नव्हते, तेव्हा 'लायकी'चा हा युक्तिवाद केवळ काळ्या कातडीपुरताच राखून ठेवलेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

१९३५ च्या कायद्याने मध्यवर्ती सभेच्या बाबतीत काय योजिले होते ते पाहिले म्हणजे उरलासुरला भ्रम जातो. संघराज्याच्या कनिष्ठ सभागृहात ३७५ जागा. त्यांतल्या १२५ संस्थानांच्या. ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रतिनिधी प्रांतिक विधानसभांनी निवडावयाचे, म्हणजे जनतेचे थेट मत काढूनच घेतलेले. आणि संस्थानांचे प्रतिनिधी संस्थानिकांनी नेमावयाचे. हैदराबादच्या वाट्याला १६ जागा होत्या. संघराज्य प्रत्यक्षात आले असते तर जालन्याच्या माणसाच्या वतीने दिल्लीत निजामाने नेमलेले सोळा सभासद बसले असते आणि काँग्रेसच्या बहुमताला अडसर घालण्यास उपयोगी पडले असते. संस्थानिकांच्या घासाघिशीत ते संघराज्य बुडाले, हे आपले भाग्य.

निजामाने स्वतःच्या राज्यासाठी जी सुधारणा १९३९ मध्ये जाहीर केली तिचा विचार थोडा सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण तिच्यामागील कल्पना अजून मेलेली नाही. अरवमुदू अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून ही योजना आली. ८५ जणांची सभा, त्यांत निवडून आलेले ४२. मतदारसंघ प्रदेशाचे नव्हेत, हितसंबंधांचे : जागीरदार, पट्टेदार, कुळे, व्यापारी, सावकार-बँकवाले, कारखानदार, कामगार, वकील, डॉक्टर, पदवीधर इत्यादी. प्रत्येक धंद्याने आपला प्रतिनिधी द्यावा. हिंदु-मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांचे विष टाळण्यासाठी हा शास्त्रीय उपाय असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. काही भल्या माणसांनाही ते पटले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही योजना वरकरणी आकर्षक वाटेल. समाज हितसंबंधांचा बनलेला असतो हे आम्ही समाजवादी तर सर्वांआधी मान्य करू. परंतु हितसंबंधांनी जागा वाटल्या की मोजदाद बदलते. शंभर कुळे आणि एक जागीरदार यांत प्रदेशाच्या मतदारसंघात मते एकशे एक असतात. हितसंबंधांच्या मतदारसंघात एक पक्ष कुळांचा आणि एक पक्ष जागीरदाराचा, आणि दोघांचे वजन ठरविणारा सरकारी अधिकारी. शिवाय ज्याला कोणत्याच धंद्याच्या यादीत जागा नाही, त्याचे काय? मोलमजुरी करणारी बाई, भूमिहीन महार-मांग, गावकीचा बलुतेदार यांचा 'हितसंबंध' नोंदविलाच जात नाही, कारण नोंदविण्यासारखी मालमत्ता त्यांच्यापाशी नसते. येथे शेतसाऱ्याची पावती मागच्या दाराने पुन्हा आत येते.

ही कल्पना हैदराबादेत उपजलेली नव्हती. १९३४ च्या मार्च महिन्यात इटलीतही संसदेची निवडणूक झाली. तेथे कामगार-मालक संघटना आणि अन्य संस्थांनी नावे सुचवावयाची, फॅसिस्ट पक्षाच्या महामंडळाने त्यांतून ४०० जणांची एकच यादी करावयाची आणि मतदारांनी तिला हो किंवा नाही म्हणावयाचे. सुमारे एक कोटी लोकांनी मत दिले. 'नाही' म्हणणारे १५ हजारांच्या आसपास निघाले. १९३९ च्या जानेवारीत ती नावापुरती निवडणूकही रद्द होऊन तिच्या जागी धंदेवार मंडळांची सभा आली. निजामाची योजना मुसोलिनीची नक्कल होती असे म्हणण्यास पुरावा नाही आणि ते म्हणण्याची गरजही नाही. माणसाऐवजी धंदा मोजण्याची कल्पना त्या दशकात सगळीकडे हवेत होती आणि ज्यांना डोकी मोजण्याचे भय वाटत होते त्या सर्वांना ती सोयीची होती, इतके पुरे. एकाच वर्षी इटलीत मत होते आणि निवड नव्हती; ब्रिटिश हिंदुस्थानात निवड होती आणि दोनशेंत एकाला मत होते; जालन्यात दोन्ही नव्हते.

१९३९ ची ती योजना युद्धामुळे लांबली आणि १९४६ मध्ये वाढीव स्वरूपात आली तेव्हा स्टेट काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले. परंतु एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्या घटना परिषदेने प्रौढ मताधिकार दिला तिच्यात हैदराबादच्या १६ जागा अखेरपर्यंत रिकाम्याच राहिल्या. राज्यघटनेच्या स्वीकाराचे फर्मान नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाच्या नावाने निघाले. म्हणजे मराठवाड्याच्या माणसाने १९२० ते १९३४ मधील एकाही निवडणुकीत मत दिले नव्हते, १९३७ मध्ये दिले नव्हते, घटना बनविण्यासाठीही दिले नव्हते. त्याला एकही पायरी लाभली नाही. संस्थानातील शंभरातल्या दहांनासुद्धा अक्षरओळख नव्हती.

आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत तो एकदम मतदानकेंद्रावर गेला. पायऱ्यांचा सिद्धांत खरा असता तर येथे गोंधळ व्हावयास हवा होता; जहागीरदाराने सांगितलेल्या पेटीत सगळी मते पडावयास हवी होती. प्रत्यक्षात हैदराबादच्या १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या. कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील लोकशाही आघाडीने ४२ घेतल्या, समाजवाद्यांनी ११. नलगोंड्याच्या मतदारांनी रावी नारायण रेड्डी यांना लोकसभेसाठी पंडित नेहरूंनाही मिळाली नव्हती इतकी मते दिली. स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या पक्षाची लाट देशभर असताना ज्या प्रांताने जवळजवळ निम्म्या जागा विरोधकांना दिल्या तो प्रांत पायऱ्या न चढलेला होता. त्याचे राजकीय शिक्षण झाले होते ते काकिनाडा, अकोला, परतूर येथे, तेलंगणच्या शेतांत आणि गुलबर्गा-औरंगाबादच्या तुरुंगांत. कौन्सिल हॉलमध्ये नव्हे.

एवढे झाल्यावर त्या पुरवणीकडे वळू. हरियाणा सरकारने २०१५ मध्ये कायदा करून पंचायत निवडणुकीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली : सर्वसाधारण पुरुषांना दहावी, स्त्रियांना आठवी, अनुसूचित जातीच्या स्त्रियांना पाचवी. घरी संडास हवा, वीजबिलाची थकबाकी नको, सहकारी कर्जाची थकबाकी नको, अशाही अटी त्यात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने राजबाला प्रकरणात डिसेंबर २०१५ मध्ये हा कायदा वैध ठरविला. बऱ्यावाईटाचा विवेक शिक्षणानेच येतो, असा त्या निर्णयातील युक्तिवादाचा आशय. राजस्थानने अशीच अट घातली होती, ती २०१९ मध्ये रद्द केली, हे त्या राज्याला भूषणावह आहे. थकबाकी नको म्हणजे काय? पावती दाखवा. लोथियन समितीच्या दप्तरातील धूळ झटकून तोच कागद पुन्हा टेबलावर आला आहे. फरक इतकाच की तेव्हा तो मतदारासाठी होता, आता उमेदवारासाठी आहे. मतदाराची पाळी येणारच नाही असे छातीवर हात ठेवून कोण सांगू शकेल?

यादीचा प्रश्न तर मताधिकाराइतकाच जुना आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. त्या वेळच्या निवडणूक आयोगाने ती नावे गाळली. पण पुढच्या निवडणुकीच्या आत त्या स्त्रियांपर्यंत पोहोचण्याचे काम आपले आहे, असे मानले. २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदारयाद्यांचे विशेष पुनरीक्षण झाले तेव्हा प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. त्यांतील मृत किती, स्थलांतरित किती, दुबार किती, हा वादाचा विषय झाला आणि न्यायालयात गेला. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. लक्षात घेण्याजोगा मुद्दा हा की १९५२ मध्ये मतदाराला शोधणे हे सरकारचे काम होते. आता आपण येथे राहतो हे कागदाने सिद्ध करणे मतदाराचे काम होऊ पाहत आहे.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर याचा अर्थ अगदी ठोस आहे. यादीचे वार्षिक पुनरीक्षण साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चालते. परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या त्याच सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या असतात. परततात ते मार्च-एप्रिलमध्ये. घरी कोणी असले तर म्हातारे माणूस. दार बंद दिसले की अधिकारी 'स्थलांतरित' असा शेरा मारू शकतो आणि ज्या कोपीत ती माणसे सहा महिने राहतात त्या कोपीला घरक्रमांक नसतो. साखर कारखान्यांकडे या टोळ्यांच्या नोंदी असतात, कारण उचलीचा हिशेब ठेवावा लागतो. त्या नोंदींवरून गळीत हंगामात कारखान्याच्या तळावरच नोंदणीची शिबिरे भरविणे, आणि घर बंद असल्याच्या कारणावरून हंगाम संपेपर्यंत एकही नाव न गाळणे, या दोन गोष्टींना नव्या कायद्याची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकाने त्या होण्यासारख्या आहेत. येत्या हंगामापूर्वी तशी मागणी जालना, बीड आणि परभणी या तिन्ही जिल्ह्यांतून एकाच वेळी गेली पाहिजे आणि ती टोळ्या निघण्याच्या आत, म्हणजे दसऱ्यापूर्वी, गेली पाहिजे.